अंगदचे राक्षस

आबारावांनी पिंडापुढचा भात बोटांनी जरा पसरला, वर झाडाकडे पाहून हात जोडले आणि मागे सरकून बसले. लिंबावरचे कावळे जागचे हलले नाहीत. एकानं मान वाकडी करून खाली बघितलं, चोच फांदीला घासली, बस्स.

"अंगद, छकुलीला सणावाराला आणू रे बाबा," धर्मराज मोठ्यानं म्हणाले. आबारावांचा हा धाकटा भाऊ सकाळपासून सगळ्यांच्या वतीनं बोलत होता. "आईची काळजी करू नको. भोकरदनचं तुझं मोबाइलचं दुकानबी चालू ठिवू. ये, शिव आता."

कावळा ऐकेना. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, की मेलेल्याच्या मनात काय राहून गेलं ते सगळ्या भावकीला एकदम कळायला लागतं. जिवंतपणी कुणी विचारलेलं नसतं. कुणी म्हणालं, नवी गाडी घ्यायची राहिली. कुणी म्हणालं, लग्न राहिलं. आता लग्नाचा शब्द तरी कुणी आणि कसा द्यावा?

ऊन चढलं. धर्मराज भावाच्या कानाशी वाकले.

"दादा, गाईला चारू मंग. किती वाट बघायची?"

"न्हाई!" बायनाबाई ओरडल्या. "माझं लेकरू असं अधांतरी सोडून मी घरी येनार न्हाई. बिलकुल न्हाई."

अंगदची बहीण छकुली अंकुशनगरहून, सासरहून आली होती. इतका वेळ ती आईला धरून बसली होती.

"बाबा, त्याचे राक्षस," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. एरवी हसले असते. अंगद जुन्या परदेशी पिक्चरमधल्या राक्षसांच्या बाहुल्या जमवायचा. पाण्यातला खवल्यांचा, एकडोळ्या, दुसऱ्या ग्रहावरून आलेला पत्र्याच्या अंगाचा, बैलाएवढी मुंगी. कुठून कुठून पार्सलं यायची. मुलीकडची माणसं घर बघायला आली, की ते काचेचं कपाट बघून चहा अर्धा ठेवून उठायची. ही असली ध्यानं कशाला रे, असं बायनाबाईंनी एकदा विचारलं, तेव्हा तो म्हणाला होता, "आई, पिच्चरच्या शेवटी सगळे मिळून याला मारत्यात. म्हनून मी घरी आनला."

बायनाबाईंनी नवऱ्याचा दंड घट्ट धरला.

"तुमीच सांगा त्याला. जाळून टाकीन, जाळून टाकीन म्हनायचे न्हाई का तुमी? तेच घिऊन बसलं आसंल लेकरू. सांभाळीन म्हना."

जाळले होते आबारावांनी. राख सावडून आले, त्याच सांजेला. दिवा नसलेल्या ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून पोरगं गेलं होतं. दवाखान्यातून असं गुंडाळून दिलं, की आईला तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. आणि ही ध्यानं कपाटात धडधाकट उभी, एकाचं नखही मोडलेलं नाही. आबारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळी पोत्यात भरून त्यांनी बांधावर नेली आणि वर डिझेल ओतलं. ती वितळायला लागली तेव्हा त्यांना रडू फुटलं, पण विझवायला ते उठले नाहीत. अंगदच्या खोलीला तेव्हापासून कुलूप होतं. बायनाबाईंना वाटायचं, त्याच्या वस्तू जपायला लावलंय.

खरं सांगावं तर या बाईचं काय व्हायचं? आणि गप्प बसावं तर पोरगं अडकलेलं.

"सांगा ना हो!"

आबाराव उठून उभे राहिले.

"अंगद्या... तुझे राक्षस हाईत रे. जिथल्या तिथं हाईत. मी हाय तवर एकालाबी धक्का लागनार न्हाई."

बोलणं संपायचा अवकाश, एक कावळा थेट खाली उतरला आणि त्यानं भातात चोच घातली.

"शिवला! शिवला!" धर्मराजांनी हात जोडले. बाया मोकळेपणानं रडायला लागल्या.

आबारावांचा हात मात्र एकदम वर गेला, पाखरू हाकलायला जातो तसा. मग दुसऱ्या हातानं तो धरून त्यांनी खाली घेतला आणि ते मटकन बसले.

"लई साधं हो माझं लेकरू," बायनाबाई रडता रडता हसत होत्या. "बापानं एकदा म्हनलं, की झालं. लगेच खरं मानलं बघा." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "घरी गेल्यागेल्या खोली उघडा. धूळ बसली आसंल. मीच पुसते एकेकाला."

"हं," आबाराव म्हणाले.

माणसं आंघोळीला उठली. धर्मराजांनी दोनदा हाक मारली, तरी आबाराव तिथेच बसून राहिले. कावळा अजून खात होता. त्याचं खाणं होईपर्यंत तरी घरी जायचं नव्हतं.