वर्नेलची गाठ

“ओढू नको!” हॉलिस मागून ओरडला, पण तोवर त्याच्या सुनेनं, डेलानानं, ओढलेलं होतं.

पाण्यावरचा तो आमिषाचा वीतभर लाकडी मासा उसळून हवेत आला, तिच्या कानाजवळून सूं करत गेला आणि होडीच्या पत्र्यावर खणकन आपटला. जिथं बास जातीचा मासा उसळला होता तिथं नुसती वर्तुळं उरली. तीही हळूहळू पाण्यात उभ्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत जाऊन विरली.

“कान आहेत का जागेवर?”

“आहेत.”

“मग काही बिघडलं नाही. तुला मासा मिळाला नाही, माशाला तू मिळाली नाहीस. फिट्टंफाट.”

“पण पॉप, मी बघितला ना त्याला! केवढा होता! पाणी फुटलं आणि मी...”

“पाणी फुटलं म्हणजे त्यानं तोंडात धरलंय असं कुणी सांगितलं? तू डोळ्यांनी ओढतेस, पोरी. हातांनी ओढ. वजन लागेपर्यंत थांबायचं.”

थांबणं तेवढं डेलानाला जमत नव्हतं. तान्ही लेक जूनी पाळण्यात एकदा खोकली की दुसऱ्या खोकल्याआधी ही पाळण्यापाशी हजर. नवऱ्याचा फोन अवेळी आला की उचलण्याआधीच तिच्या डोळ्यांपुढे गॅसचा टँकर उलटलेला असायचा. कोल टँकर चालवायचा, घरं उबदार ठेवणारा गॅस घरोघर पोचवायचा, आणि थंडी पडायला लागली की त्याला उसंत नसायची. डेलाना कॉलेजात बालसंगोपन शिकली होती. त्यानं भीती कमी झाली नव्हती, भीतीला नावं तेवढी मिळाली होती. आत्तासुद्धा तिनं तरंगतं जाकीट गळ्यापर्यंत आवळलं होतं. हॉलिसचं जाकीटही होडीत होतं, पण घडी करून त्याच्या बुडाखाली.

एप्रिलमध्ये हॉलिसची बायको वर्नेल गेली, तेव्हा म्हातारा एकटा कसा राहील म्हणून डेलाना, कोल आणि जूनी ही तिघं तळ्याकाठच्या त्याच्या घरी राहायला आली. सासू-सून म्हणून त्या दोघी फार सहवासात आल्याच नव्हत्या. हॉलिसनं जन्मभर जिल्ह्यातले पाण्याचे मीटर वाचले. लोकांच्या अंगणात वाकून झाकण उचलायचं, आकडा लिहायचा, कुत्र्याला नावानं हाक मारून पुढे जायचं. वर्नेल शाळेची बस चालवायची. आणि नोव्हेंबर आला, झाडं उघडी पडली, इतरांच्या होड्यांवर ताडपत्र्या चढल्या, की ही दोघं रोज संध्याकाळी तळ्यात जायची. ती पुढच्या बाकावर गळ घेऊन, तो मागे वल्हं घेऊन. हॉलिसनं स्वतः कधी गळ टाकला नाही.

“काय रे, बायकोचा ड्रायव्हर झालास का?” धक्क्यावरचा बक प्रुइट दरवर्षी विचारायचा.

“ड्रायव्हर तीच,” हॉलिस दरवर्षी सांगायचा. “मी नुसतं इंजिन.”

त्या लाकडी माशाला वर्नेलनं नाव ठेवलं होतं पाद्रीबाबा. शेपटीला पत्र्याची फिरकी होती. दोरी गुंडाळत आणलं की तो पाण्याच्या पाठीवरून सरळ चालत यायचा, आणि फिरकी खिळ्यावर घासून एकसारखी पुटपुटायची, कुर्र-टुप, कुर्र-टुप. त्या दिवसांत पाणी गार पडलेलं असतं, मोठे बास जडावलेले असतात, भुकेसाठी फारसे हलत नाहीत. पण डोक्यावरून कुणी तेच तेच पुटपुटत गेलं की चिडतात. “प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरचा उठतोच,” असं वर्नेल म्हणायची.

तो आवाज मात्र दुकानात मिळत नाही. नवी फिरकी गुळगुळीत फिरते, तिला घासून बोलकी करावी लागते. तळ्याकाठचे लोक आमिष गाडीच्या खिडकीबाहेर बांधून पाच-दहा मैल पळवतात. वर्नेलनं गळ काढून पाद्रीबाबा बसच्या आरशाला बांधला आणि शाळेचं अख्खं वर्ष फिरवला. लहानपणी कोल लाजेनं बसमध्ये खाली वाकून बसायचा. त्या फिरकीच्या कुरकुरीत सगळे चढ, सगळे थांबे आणि दोनशे पोरांची कटकट मुरली आहे, असं बक म्हणायचा.

आणि परवा जेवणानंतर बशा विसळता विसळता, पाठ न वळवता, हॉलिसनं विचारलं होतं, “येशील का एकदा? टाकायला? वल्हं मी धरतो.”

डेलानाला वाटलं, म्हाताऱ्याला मासा हवाय.

आज शनिवार होता, कोल घरी होता, जूनीची बाटली भरून ठेवली होती. तरी होडी वळणापलीकडे गेली आणि घराची खिडकी दिसेनाशी झाली, तेव्हा डेलाना वळून त्या वळणाकडे बघत राहिली.

“तिकडं,” हॉलिस म्हणाला. “त्या दुबेळक्या बुंध्याच्या पलीकडं टाक. लांब गेला तरी चालेल.”

तिनं टाकला. चांगला पडला. ती गुंडाळायला लागली. कुर्र-टुप, कुर्र-टुप. तळं इतकं निवांत होतं की आवाज पलीकडच्या टेकडीला लागून परत येत होता. बरोबर पडला का विचारायला तिनं मागे पाहिलं, तर हॉलिस डोळे मिटून बसला होता. वल्हं मांडीवर आडवं होतं, मान किंचित कलली होती, बंद दाराआडून कुणी बोलत असावं आणि ते ऐकावं तशी.

त्याला मासा नको होता, हे तिला तेव्हा कळलं. ती पुन्हा पुढे वळली आणि त्यानंतर हात फार जपून फिरवायला लागली.

बुंध्याच्या सावलीत पाणी फुटलं. कुणी वरून दगडी पाटा टाकावा तसं. डेलानाचे दोन्ही हात शिवशिवले, पण दात आवळून ती थांबली. पाद्रीबाबा दिसेनासा झाला होता. दोरी सैल होती. मग दोरी सरळ झाली. मग काठी खाली ओढली गेली आणि सावकाश, जड, जिवंत असं वजन तिच्या खांद्यापर्यंत आलं.

“आता,” हॉलिस हळूच म्हणाला.

तिनं ओढलं. काठी कमानीसारखी वाकली. क्षणभर पाण्यात एक हिरवट, परातीएवढी कूस पालटली. आणि काठी एकदम सरळ झाली. तुटलेली दोरी वाऱ्यावर कोळ्याच्या धाग्यासारखी तरंगत आली.

“पॉप, मी थांबले होते! ह्या वेळी मी थांबले होते ना?”

“थांबली होतीस. बरोबर ओढलंस.” त्याचा आवाज अगदी सरळ होता. “लाकूड आहे ते. वर येईल. मासा डोकं झाडतो, थुंकून टाकतो. असं खूपदा झालंय.”

दोघं बसून राहिली. कडेनं पाणकोंबड्या पोहत गेल्या. एखादं पान दिसलं की डेलाना बोट दाखवायची आणि तो मान हलवायचा. तिची छाती दुधानं भरून दुखायला लागली. जूनी उठली असेल. ते ती बोलली नाही.

“दोरी जुनी होती,” बऱ्याच वेळानं हॉलिस म्हणाला.

“पण तुम्ही नवी आणलीत ना? खिशात आहे तुमच्या. सकाळी बघितली मी.”

“आणली.” त्यानं खिसा चाचपला. “पण बदलायची म्हणजे गाठ कापावी लागते. ती गेल्या वर्षीची गाठ. तिनं बांधलेली.”

उजेड पार उतरला तेव्हा त्यानं होडी वळवली. अंगणात पोचेपर्यंत तिच्या शर्टाला दुधाचे दोन ओले डाग पडले होते.

पुढे तो रोज एकटाच जायला लागला. संध्याकाळी कॉफी पिऊन झाली की टोपी उचलायचा. बकनं दुकानातून नवं कोरं आमिष आणून दिलं. हॉलिसनं फिरकी बोटानं एकदा फिरवली, कानाशी धरली, “मुकं आहे बिचारं,” म्हणाला आणि आभार मानून खिडकीत ठेवून दिलं.

“पॉप जाकीट घालतो का?” कोलनं डेलानाला विचारलं.

“बसतात त्याच्यावर.”

“ह्या पाण्यात पडला तर हात आखडायला वेळ लागत नाही, डेलाना. लाकडाच्या तुकड्यापायी! मी शनिवारी होडीला साखळी घालतो. चिडला तर चिडू दे.”

“त्यांना सांग तरी आधी.”

“तूच सांग. तुझं ऐकतो तो.”

भीती तिलाही होतीच, कोलपेक्षा जास्तच होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून होडी वळणाआड जाईपर्यंत ती पाहायची, आणि परत दिसेपर्यंत तिच्या हातून धड एक काम व्हायचं नाही. साखळीचं ऐकून तिला बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईटही.

शुक्रवारी दुपार कलल्यावर तिनं जूनीला छातीशी बांधलं, वरून कोलचा कोट घातला आणि हॉलिसला साखळीचं सांगून टाकायला ती काठानं निघाली. हिवाळ्याआधी धरणवाले तळ्याचं पाणी उतरवतात, तसं ते उतरायला लागलं होतं. जिथं मागच्या आठवड्यात पाणी होतं तिथं आता राखाडी गाळ होता, शिंपले होते, बुंध्यांची मुळं उघडी पडली होती. वळणापलीकडे ती जपून पावलं टाकत होती, जूनीचं डोकं तळहाताखाली धरून. तेवढ्यात एका मुळाच्या बेचक्यात तिला पाद्रीबाबा दिसला.

एक डोळा गेला होता, गळांवर गंज चढला होता. तिनं तो हातमोज्यात धरून उचलला आणि लेकरापासून हातभर लांब नेऊन न्याहाळला. तोंडाशी दोरीचा बोटभर तुकडा होता, शेवटाला पिंजलेला. दोरी वरच तुटली होती. गाठ जशीच्या तशी होती, तांदळाच्या दाण्याएवढी, घट्ट.

“पॉप!” असं ओरडायला तिनं छाती भरून श्वास घेतला आणि समोर पाहिलं.

होडी पाण्याच्या मध्यावर होती, हॉलिसची पाठ तिच्याकडे होती. हा शोधत असेल तर काठाला लागून, वाकून, मुळांत बघत जाईल, असं तिला वाटत आलं होतं. तो काठाजवळ नव्हताच. एक गळ टाकण्याएवढं अंतर राखून होता. एका बुंध्यासमोर आला, वल्ह्यानं होडी तिरकी केली, पुढच्या बाकाचं तोंड बुंध्याकडे येईल अशी, आणि थांबला. टाकलेला गळ पडावा आणि सावकाश गुंडाळून परत यावा एवढा वेळ थांबला. मग एक वल्हं मारून पुढच्या बुंध्याकडे गेला. पुन्हा होडी तिरकी केली. पुन्हा थांबला. पुढचं बाक रिकामं होतं. तो मात्र त्या बाकाला धक्का लागू नये इतक्या अलगद होडी वळवत होता.

तिचा श्वास छातीतच राहिला. जूनी झोपेत चुळबुळली. डेलानानं हाक मारली नाही.

उजेड पिवळा झाला. ती गाळात पाय रोवून उभी राहिली, हॉलिस त्या दुबेळक्या बुंध्यासमोर येईपर्यंत. होडी तिरकी झाली. मग तिनं पाद्रीबाबा हात लांब करून धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं फिरकी फिरवली.

कुर्र.

गंजानं आवाज थोडा घोगरा झाला होता. पण पाण्यावरून तो गेला आणि टेकडीला लागून परत आला. तिनं पुन्हा फिरवली, पुन्हा, हात जपून, एका लयीत.

मारायला उचललेलं वल्हं पाण्याबाहेरच थांबलं. त्याच्या टोकावरून थेंब गळत राहिले. हॉलिसनं मागे वळून पाहिलं नाही. त्यानं वल्हं हळूच मांडीवर आडवं घेतलं, मान किंचित कलती केली आणि पुढच्या बाकाकडे तोंड करून तसाच बसून राहिला.