मेण न प्यालेल्या पिकअपची कबुली

मी एक जुना पिकअप आहे. मित्रांनो, पिकअप म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कोबीची पोती भरलेली गाडी आली असेल, तर ती बाजूला करा. मी काडेपेटीपेक्षा थोडासाच मोठा आहे. विजेच्या गिटारच्या पोटावर, तारांच्या अगदी खाली, मला बसवलेले असते. माझ्या आत चुंबक आहे आणि भोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेळा गुंडाळलेली आहे. वरची पोलादी तार थरथरली की ती थरथर मी टिपतो आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, धाडतो. हे काम मी जन्मभर चोख केले. माझ्या हातून जे वाईट घडले तेही हेच काम करताना घडले आणि ते आज मला कोणाला तरी सांगायचेच आहे.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. हेन्रिएटा नावाच्या बाईने मला गुंडाळले. यंत्र गरगरत असे आणि ती दोन बोटांच्या चिमटीतून तार सोडत असे. गुंडाळून झाले की आम्हां सगळ्यांना गरम मेणात बुडवायची तिथे पद्धत होती. मेण तारेच्या वेढ्यांत शिरते, वेढे घट्ट बसतात आणि मग पिकअपला गिटारच्या तारांशिवाय दुसरे काही ऐकू येत नाही. माझ्या वेळी दुसऱ्या दिवशी नाताळ होता. मेणाच्या पातेल्याखालची आच आधीच विझली होती, सगळ्यांना घरी जायची घाई होती आणि हेन्रिएटाने मला चुकून तयार मालाच्या ताटात ठेवले. मी तसाच कोरडा राहिलो. त्यामुळे माझा आवाज मोकळा, जरा खरखरीत आणि माणसाच्या गळ्यासारखा झाला. त्याचबरोबर मला एक खोडही लागली. कोणी तोंड जवळ आणून बोलले तर तेही मी टिपायचो आणि अँपकडे धाडायचो.

मला मेम्फिसला नेले एझेल टॉलिव्हरने. तो आठवडाभर वखारीत कापसाच्या गाठी उचलायचा आणि रविवारी चर्चमध्ये गिटार वाजवायचा. त्याच्या चर्चमध्ये कोणी हाताची घडी घालून बसत नाही. रेव्हरंड एक वाक्य म्हणाले की गिटारने त्याला उत्तर द्यायचे, आणि उत्तर पटले की बाकांवरून आरोळी यायची, "बोल, ब्रदर टॉलिव्हर, बोल!" ऑर्गनच्या डाव्या बाजूची खुर्ची त्याची होती. तेवीस वर्षे तिच्यावर दुसरे कोणी बसले नाही. अनामिकेने तार दाबून तो ती वर खेचायचा आणि मग हलकेच हलवायचा. सूर आधी अडखळायचा, मग हुंदका द्यायचा. पुढच्या बाकावरच्या बायका तेवढ्यासाठी दोन-दोन रुमाल घेऊन यायच्या.

प्रार्थना संपली की तळघरात पालेभाजी आणि मक्याचा पाव यांची ताटे वाढली जायची. तिथे लोक विचारायचे, या गिटारमध्ये आहे तरी काय? एझेल मला टिचकी मारून म्हणायचा, "माझं काही नाही हो. हे डबडं बोलतं. मी आपला नुसत्या तारा धरतो." तो बोलायचा विनयाने आणि मी ते खरे मानायचो. मी चांगलाच शेफारलो होतो, मित्रांनो. सगळे श्रेय माझेच आहे असे मला मनापासून वाटत असे.

त्याची एकुलती एक लेक व्हर्लीन. लहानपणी तिने माझी खोड हेरली होती. डॅडी सराव करत बसले की ती हळूच यायची, तारांवर ओठ टेकवायची आणि म्हणायची, "डॅडी, जेवायला चला." तिचा चिरका आवाज खोक्यातून यायचा. एझेल दचकल्याचे सोंग करायचा आणि खोक्याला विचारायचा, "आज काय केलंय ग?" व्हर्लीन हसून हसून लोळायची. मग ती मोठी झाली, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली आणि हा खेळ विसरून गेली.

एका वर्षी एझेलचा सूर गेला. तार खेचली तरी हुंदका येईना. सूर मध्येच मरायचा किंवा नुसता खरडल्यासारखा वाजायचा. तो मला घेऊन लूशस पेटवेकडे गेला. लूशस त्याचा जुना मित्र, त्याचे गिटार दुरुस्तीचे दुकान होते. लूशसने त्याला वाजवायला सांगितले. वाजवणे ऐकले. मग त्याने एझेलची सुजलेली पेरे पाहिली, जागेवर न पोचणारी अनामिका पाहिली आणि दाराशी उभ्या असलेल्या व्हर्लीनकडे पाहिले. तिने मान हलवून नको म्हटले.

"चुंबक म्हातारा झालाय, एझेल," लूशस म्हणाला. "चुंबकांचं असंच असतं बाबा."

झाले! बोटांचे खापर माझ्या माथ्यावर फुटले. मला गिटारमधून उपटून तंबाखूच्या रिकाम्या डब्यात टाकले आणि माझ्या जागी एकामागून एक परके येऊ लागले.

पहिला होता सडपातळ, कॅलिफोर्नियाकडचा. त्याचा आवाज लख्ख होता, काचेच्या पेल्यावर चमचा वाजवावा तसा. एकेक सूर सुटा ऐकू यायचा, त्यामुळे एकेक चूकही सुटी ऐकू यायची. महिन्याभराने एझेल त्याला परत घेऊन आला. "लूशस, हा फार टापटीप आहे रे. मयताला कडक इस्त्री करून आल्यासारखा."

दुसरा होता जोडीचा. त्याच्या पोटात दोन वेटोळी, एकमेकांना उलटी बसवलेली. आमच्यासारख्या एकेऱ्यांच्या मागे जी सतत घूं घूं लागलेली असते, ती त्याला नसते. आवाज जाड, गोड आणि गोल. लूशसने त्याला मुद्दाम निवडले होते, कारण त्या गोडव्यात बोटांच्या चुका झाकल्या जायच्या. पण एझेल तोही घेऊन आला. "काकवी आहे नुसती! रेव्हरंड पापाबद्दल सांगतायत आणि हा आपला काकवी ओततोय."

"मग तुला हवंय तरी काय, म्हाताऱ्या?"

"तिखट."

तिसरा दणकट चुंबकांचा, धांगडधिंगा वाजवणाऱ्या पोरांसाठी केलेला. त्याच्यावर तार नुसती हलली तरी खिडकीच्या काचा वाजायच्या. एझेलने तो दोनच रविवार सोसला. "हा उत्तर देत नाही रे, हा रेव्हरंडशी भांडतो."

प्रत्येक जण परत आला की मी डब्यात खूश व्हायचो. आता कळेल यांना माझी किंमत, असे मनात म्हणायचो. प्रत्येक वेळी एझेलचा चेहरा आणखी उतरलेला असे, पण माझे तिकडे लक्ष नव्हते. माझ्यावरचा आळ फिटावा एवढीच मला पडली होती.

सहा महिने असे गेले. चर्चचा वर्धापनदिन रविवारी होता आणि शनिवारी दुपारी एझेल हट्टाला पेटला. "चारही पुन्हा लाव. तू वाजव, मी पाठ करून ऐकतो. उद्या काय ते एक घेऊन बसायचं मला." लूशसने सोल्डर न मारता चिमट्यांनी तारा जोडायची सोय केली. अँप दुकानाच्या पुढच्या खिडकीशी होता. एझेल स्टुलावर बसला आणि खोक्याला कान लावला. आताशा त्याला जरा कमी ऐकू यायचे, म्हणून त्याने आवाजाचे बटण शेवटपर्यंत फिरवले.

लूशसने तिघांना वाजवून दाखवले. तिघेही छानच वाजले. मग माझी पाळी आली. माझा चिमटा सारखा निसटत होता, म्हणून तो धरायला व्हर्लीन मेजावर वाकली. लूशसने तार खेचली आणि जुना हुंदका जसाच्या तसा निघाला. खिडकीशी बसलेल्या एझेलने खोक्याला लावलेला कान तसाच ठेवला. मग त्याने विचारले, "मग माझ्याकडं असताना याला काय झालं होतं?"

"तार ढिली होती आतली. आता बसली," लूशसने ठोकून दिले आणि गिटार मेजावर उताणी ठेवली. अँप चालूच होता आणि माझा चिमटा अजून व्हर्लीनच्या हातात होता.

व्हर्लीनचे तोंड माझ्यापासून वीतभर अंतरावर होते. तिने आवाज अगदी खाली आणला. "मिस्टर लूशस, आता पुरे करा. पिकअपचा काही दोष नाही, बोटं गेलीत त्यांची. रेव्हरंडनी सिस्टर लव्होनियाला सांगूनही टाकलंय, पुढच्या रविवारपासून गिटार तिनं वाजवायची, खुर्ची तिची. सगळ्या चर्चला ठाऊक आहे. डॅडींना कोण सांगणार?"

मी सांगितले.

तिचा एकेक शब्द मी टिपला आणि खोक्यातून त्याच्या कानात घातला; कुजबुज तिथूनही बारीकच निघाली, म्हणून कान लावलेल्या त्याच्याशिवाय ती कुणाच्या ध्यानात आली नाही. आधीच्या तिघांपैकी एखादा जोडलेला असता तर त्याच्या आतल्या मेणाने ते बोलणे तिथेच अडवले असते. आणि मित्रांनो, मला मनापासून लाज वाटते ती याच्या पुढच्या गोष्टीची. ते शब्द खोक्यातून बाहेर पडले तेव्हा क्षणभर मला आनंद झाला. पिकअपचा काही दोष नाही, हे एझेलच्या कानांवर गेले होते. सहा महिन्यांचा आळ फिटला होता. मग मी एझेलची पाठ पाहिली.

तो वळला नाही. त्याने डावा हात समोर धरला, मूठ मिटली, उघडली, पुन्हा मिटली. अनामिका बाहेरच राहिली.

"हाच बसव, लूशस," तो म्हणाला. "याच्यात बिघाड नाही."

"एझेल, ऐक माझं..."

"ऐकलं की. स्वच्छ ऐकू आलं."

व्हर्लीनने तोंडावर हात दाबला. तो लहानपणचा खेळ तिला त्या क्षणी आठवला असणार. लूशस माझ्यावरच भडकला. "या नतद्रष्टाला आत्ता मेणात बुडवतो. कायमचं तोंड बंद होईल याचं."

"त्याला कशाला? सहा महिने त्याच्यावर आळ घेतला आपण. आता गप्पही करायचं?" एझेल म्हणाला आणि टोपी घालून गाडीत जाऊन बसला. त्याने माझी बाजू घेतली याचा मला जास्त त्रास झाला.

रविवारी तो खुर्चीवर बसला. रेव्हरंड एक वाक्य म्हणाले आणि एझेलने तार खेचली. मी आयुष्यात पहिल्यांदा काम चुकवायचा प्रयत्न केला. सूर अर्धा टिपावा, खरखर गिळावी, काहीतरी झाकावे असे मला फार वाटले. पण मला झाकता येत नाही. घसरलेले बोट जसे घसरले तसे मी सगळ्या चर्चला ऐकवले. आणि बाकांवरून आरोळी आली, "बोल, ब्रदर टॉलिव्हर, बोल!"

गेले सहा महिने ते लोक मायेपोटी असेच ओरडत होते. एझेलला ते खरे वाटायचे. घरी जाताना त्याची मान ताठ असायची, जेवणही चार घास जास्त जायचे. त्या रविवारी तो ओरडणाऱ्या एकेका तोंडाकडे पाहत होता आणि तारेवरचा हात तसाच थांबला होता. तेवढे एक सुख त्याच्याजवळ उरले होते, ते मी हिरावून घेतले.

तो उठला. गिटार खुर्चीवर ठेवली. "सिस्टर लव्होनिया, ये ग. खुर्ची गरम करून ठेवलीय." ती टपालखात्यातली चाळिशीची बाई जागची हलेना, नुसती रडायला लागली. "ये बाई लवकर, रेव्हरंड ताटकळलेत," तो म्हणाला आणि व्हर्लीनच्या शेजारी जाऊन बसला. लव्होनियाने वाजवले, चांगले वाजवले. चर्च ओरडले. एझेलनेही तोंड उघडले, पण त्याच्याच्याने ओरडवले नाही.

घरी जाताना मी गाडीत मागच्या सीटवर होतो. व्हर्लीन म्हणाली, "डॅडी, मी सांगणार होते तुम्हाला."

"कधी?"

दोन सिग्नल गेल्यावर तोच म्हणाला, "तू समोर बसून सांगितलं असतंस ना पोरी, तरी मी रडलोच असतो. पण तुझ्याजवळ रडलो असतो. खोक्यासमोर कुणी रडतं का?"

व्हर्लीनने गाडी कडेला घेतली. पुढे ती दोघे किती वेळ तशीच बसली होती, ते मी सांगणार नाही. तेवढे तरी माझ्याजवळ राहू दे.

एझेलने त्यानंतर गिटार हातात घेतली नाही. आता गिटारसकट मी लव्होनियाकडे असतो. लोक अजून माझ्या आवाजाची तारीफ करतात आणि अजून मला ती घ्यावीशी वाटत नाही. मित्रांनो, आमची निगा राखा, आम्हांला ओलीपासून जपा, हे तर मी सांगेनच. पण त्याआधी एवढे करा. आपल्या माणसाला जे जड जाईल ते त्याच्या समोर बसून, त्याचा हात धरून सांगा. तुम्ही टाळलेत तरी ते त्याला कुठून तरी कळतेच. त्या शनिवारी एझेलला ते माझ्याकडून कळले, आणि त्याच्या पाठीवरून फिरवायला मला हात नव्हता.