पोहे टाकण्याचं कारण

दर शुक्रवारी सुप्रभा मानकर वॉटफर्ड स्टेशनवरून घरी न जाता तडक हॉलवर यायची. लंडनच्या बँकेतलं दिवसभराचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम, परतीच्या ट्रेनमध्ये उभ्याने प्रवास, आणि मग आठ ते दहा वर्षांची चोवीस मुलं. त्यांना दोराच्या गाठी शिकवायच्या, नकाशा वाचायला लावायचा, कुणाचा बूट हरवला की शोधायचा. तिची नऊ वर्षांची उर्वी त्याच चोवीसांत होती. मुलं सुप्रभाला घट्ट बिलगायची. तिला ओरडता येत नसे, म्हणून तिचं ऐकायची.

स्काउटचा हा गट तिथल्या मराठी मंडळींनी उभा केला होता. गटाचे प्रमुख डॉक्टर कमलाकर. तीस वर्षं इस्पितळात भूल देऊन निवृत्त झालेले, आवाज मऊ, कपडे कडक इस्त्रीचे. त्यांच्या पत्नी मीनाक्षीकाकू कॅम्पचं स्वयंपाकघर सांभाळायच्या. दोघंही फार चांगली माणसं, असं सगळे म्हणत.

काकूंना एकच खोड होती. नवीन माणूस आलं की त्याचं मूळ खणायचं.

"मानकर म्हणजे कुठले गं तुम्ही?"

"नागपूरचे, काकू."

"ते झालंच. पण म्हणजे मूळचे?"

"मूळचेही नागपूरचेच."

काकू हसायच्या, सुप्रभाही हसायची. मानकर हे आडनाव कुठेही बसतं, त्यामुळे काकूंची सुई अडकलेली राहायची. तेवढ्या अवधीत सुप्रभाने घरून आणलेल्या सांबारवड्यांचा, म्हणजे नागपुरी कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा फस्त व्हायचा. काकू एकट्या चार खायच्या आणि डॉक्टरांसाठी आणखी दोन, नॅपकिनमध्ये बांधून, न्यायच्या. विलायतेत राहून आपण जातपात विसरलो, असं डॉक्टर दर दिवाळीच्या भाषणात सांगत.

मार्चमध्ये सुप्रभाचं लीडरचं ट्रेनिंग संपलं. स्काउटमध्ये मोठ्या माणसांनाही सगळ्यांसमोर वचन घ्यावं लागतं, आणि ते आपापल्या श्रद्धेप्रमाणे घेता येतं. हिंदूंचे शब्द वेगळे, मुसलमानांचे वेगळे, देव न मानणाऱ्यांचे वेगळे. सुप्रभा आईवडिलांच्या गर्दीपुढे उभी राहिली, तीन बोटं वर केली आणि बौद्धांसाठीचं वचन म्हटलं. त्रिरत्नांना शरण जाण्याचे शब्द तिने स्पष्ट उच्चारले. टाळ्या वाजल्या. डॉक्टरांनी तिच्या गळ्यात स्कार्फ घातला. मागच्या रांगेत मीनाक्षीकाकूंनी शेजारणीकडे पाहिलं आणि शेजारणीने मान डोलावली. अडकलेली सुई निघाली होती.

त्यानंतर कुणी तिला वाईट बोललं असतं तर बरं झालं असतं. वाईट बोलण्याला उत्तर देता येतं. इथे सगळं गोड होतं. पुढच्या शुक्रवारी इतरांना काचेच्या मगमधून चहा आला, सुप्रभाला कागदी कपातून. "तुझी आपली सारखी धावपळ, हातात घेऊन फिरता येईल," काकू म्हणाल्या. सांबारवड्यांचा डबा उघडला तर एकीचं डाएट निघालं, दुसरीची ॲसिडिटी, काकूंचा गुरुवार शुक्रवारपर्यंत लांबला. सहा आठवड्यांत बारा माणसांचं पोट बिघडलं. सुप्रभाने डबा आणणं बंद केलं. तेव्हा सगळ्या म्हणाल्या, "अगं, आणत जा ना, मिस करतो आम्ही."

चैत्राली हे सगळं पाहत होती. ती सुप्रभाची मैत्रीण, गटातली दुसरी लीडर, पुण्याची. एकदा कार पार्कमध्ये ती सुप्रभाला म्हणाली, "तू मनावर नको घेऊ. जुनी जनरेशन आहे."

"काकूंची सून आपल्याच वयाची आहे, चैत्राली. तीही कागदी कप देते."

चैत्रालीने गाडीची किल्ली शोधायला पर्समध्ये तोंड घातलं.

मे महिन्याच्या शेवटी बँक हॉलिडेला जोडून तीन दिवसांचा कॅम्प होता. चोवीस मुलं, नऊ मोठी माणसं, गावाबाहेरचं रान, भाड्याचे तंबू. स्वयंपाकाच्या तंबूत अन्नसुरक्षेचं सर्टिफिकेट असलेलं एक माणूस हवं, हा नियम. ते दोघींकडेच होतं, काकूंकडे आणि सुप्रभाकडे. शनिवारी तिन्ही वेळा स्वयंपाक काकूंनी केला आणि सुप्रभाला मुलांबरोबर रानात पाठवलं. रविवारी सकाळी काकूंचं डोकं दुखत होतं, त्या उठल्या नाहीत. मुलं सात वाजता भुकेली होणार. सुप्रभाने कुणाला न विचारता ॲप्रन बांधला आणि कांदे चिरायला घेतले.

एवढीच तिची चूक. तिला वाटलं, भुकेपुढे निदान हे लोक शहाणे होतील.

तेहतीस माणसांचे पोहे झाले. दोन मोठी पातेली, वर कोथिंबीर, लिंबाच्या फोडी. तिने नियमाप्रमाणे थर्मामीटरची सळई घालून तापमान पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं. मुलं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. आठ वर्षांचा विहान सगळ्यात पुढे होता. त्याने वाढून घेतलं आणि चालता चालताच दोन घास खाल्ले.

तेवढ्यात काकू आल्या. नुकत्याच न्हाल्या होत्या, केसांना टॉवेल गुंडाळलेला. त्या रविवारी आरती होती आणि नैवेद्याचा शिरा त्याच शेगडीवर व्हायचा होता. त्यांनी सुप्रभाच्या हातातला डाव पाहिला.

"थांबा. कुणी खाऊ नका. सुप्रभा, टेम्परेचर घेतलं होतंस?"

"घेतलं काकू. ब्याऐंशी. रजिस्टरमध्ये आहे."

"कांदा कधी कापलास?"

"आत्ताच, सहा वाजता."

"नको गं, रिस्क नको. मुलांचा प्रश्न आहे."

काकूंनी काळी प्लास्टिकची पिशवी फडकावून उघडली आणि पहिलं पातेलं तिच्यात उपडं केलं. मग दुसरं. वाफाळते पोहे पिशवीत पडताना प्लास्टिक मऊ होऊन ताणलं गेलं. रांगेतल्या मुलांच्या ताटल्याही त्यांनी एकेक करून तिथेच रिकाम्या केल्या. मग त्या विहानकडे वळल्या. त्याच्या गालात घास होता.

"थुंक, राजा. थुंक पटकन."

विहान गोंधळला. त्याने सुप्रभाकडे पाहिलं. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, अगदी मायेने, आणि पुन्हा म्हणाल्या, "थुंक." तो गवतावर थुंकला. काकूंनी त्याला चूळ भरायला लावली, एकदा नाही, तीनदा.

मला हे लिहितानाही शिसारी येते. पण पुढचं लिहायलाच हवं, कारण पुढचं पाहिल्यावर शंकेला जागा उरत नाही. पातेली काकूंनी स्वतः घासली. शेगडी पुसली. मग आरतीच्या तबकातून गंगाजलाची छोटी डबी काढली आणि शेगडीवर शिंपडलं. ब्रिटनमधल्या अन्नसुरक्षेच्या कोणत्या नियमात जंतू मारायला गंगाजल सांगितलंय, हे डॉक्टरांना ठाऊक असायला हवं होतं. ते चार हातांवर खुर्चीत बसून सगळं पाहत होते.

मुलांना कॉर्नफ्लेक्स मिळाले. उर्वी ताटली घेऊन आईजवळ आली.

"आई, आपला पोहा डर्टी होता?"

"नाही."

"मग विहानला स्पिट का करायला सांगितलं?"

सुप्रभाला गटाच्या नियमांची पुस्तिका पाठ होती, प्रथमोपचार पाठ होते. ह्या प्रश्नाचं उत्तर तिच्या आजीलाही द्यावं लागलं होतं, नागपुरात, एका विहिरीपाशी. आजीने मुलीला गप्प बस म्हटलं होतं. सुप्रभाने उर्वीला तसं म्हटलं नाही. "मी विचारते," ती म्हणाली, "सगळ्यांसमोर विचारते."

मुलं बाहेर खेळायला गेल्यावर दोघांना त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगून तिने उरलेल्यांना मोठ्या तंबूत बोलावलं. समोर सहा मोठी माणसं, सगळी पदवीधर. हाताची घडी, तोंडावर बोट.

डॉक्टरांनी सुरुवात केली. रोग्याला भूल देण्याआधी बोलावं तसं ते बोलले. "सुप्रभा, तुझ्या भावना दुखावल्या असतील तर आय ॲम सॉरी. पण रिस्पेक्ट टू-वे असतो. प्रत्येकाची श्रद्धा असते. मला वाटतं, ह्यापुढे तू हाइक्स आणि बॅजेस बघ, त्यात तू ब्रिलियंट आहेस. किचन मीनाक्षीकडे राहू दे. म्हणजे कुणालाच अवघड नको."

"का, काका?"

"अगं, सोय म्हणून."

"माझं सर्टिफिकेट आहे. तापमान लिहिलेलं आहे. मग पोहे का टाकले?"

काकू म्हणाल्या, "हे बघ, माझ्या मनात तसलं काही नाही हं. आम्ही कुठे जात मानतो? आमच्याकडे नर्सेस, क्लीनर्स, सगळे यायचे. फक्त आज नैवेद्याचं होतं ना, म्हणून."

बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. कुणीतरी खोकलं. चैत्राली पायातल्या बुटांची नाडी सोडून पुन्हा बांधत होती.

सुप्रभा स्वयंपाकाच्या तंबूतून रजिस्टर घेऊन आली. अन्न फेकलं तर त्यात नोंद करायची असते. किती फेकलं, कुणी, आणि कारण. तिने ते काकूंपुढे ठेवलं आणि पेन दिलं.

"काकू, कारण लिहा."

"एवढं ऑफिशियल कशाला करतेस?"

"तुम्ही म्हणालात ना, मुलांचा प्रश्न आहे. लिहा. तापमान कमी होतं असं लिहायचं असेल तर शेजारीच ब्याऐंशी लिहिलंय. नैवेद्य लिहायचं असेल तर नैवेद्य लिहा."

काकूंनी पेन डॉक्टरांकडे सरकवलं. डॉक्टरांनी ते हातात घेतलं आणि टोपण लावलं. ते म्हणाले, "सुप्रभा, बेटा, तू थोडे दिवस ब्रेक घे. स्वतःहून. तुझाच मान राहील."

"मी ब्रेक घेणार नाही. मला काढायचं असेल तर काढा, काका. पण काढण्याचं कारण लिहून काढा."

इथेच सगळं अडलं. ह्या लोकांना जे करता येतं ते लिहिता येत नाही. कागदी कप देता येतो, मुलाला थुंकायला लावता येतं, शेगडीवर पाणी शिंपडता येतं. एक शब्द लिहायचा म्हटला की सहाजणांच्या हातातलं बळ जातं.

सुप्रभाने डॉक्टरांच्या हातातून पेन घेतलं. कारणाच्या रकान्यात तिने आधी मराठीत लिहिलं आणि खाली इंग्रजीत: भांड्याला बौद्ध बाईचा हात लागला म्हणून. पुढे वेळ घातली, सही केली, साक्षीदाराची जागा मोकळी सोडली. पेन तिने टेबलावर ठेवलं आणि पाच मिनिटं थांबली. कुणी हात पुढे केला नाही. मग तिने पानाचा फोटो काढला, स्काउटच्या जिल्हा ऑफिसला पाठवला, आणि सगळ्यांना सांगितलं की पाठवलाय.

"पुढच्या शुक्रवारी सहाला हॉल मी उघडणार," ती म्हणाली.

जिल्ह्याचं उत्तर आलं: तक्रार मिळाली आहे, चौकशी करू. डॉक्टरांनी प्रकृतीचं कारण सांगून त्या शुक्रवारची रजा घेतली. बाकीच्यांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर अंगठे दाखवले आणि कुणीच येतो म्हटलं नाही. ह्यात मेख होती. मुलांबरोबर किमान दोन मोठी माणसं नसतील तर वर्ग भरवता येत नाही. सुप्रभाला काढायची गरजच नव्हती. तिला एकटं सोडलं की सुंठीवाचून खोकला जाणार होता.

शुक्रवारी सहाला तिने हॉल उघडला. दाराशी अकरा मुलं आली, आईवडील गाडीतूनच हात हलवून निघून गेले. सव्वासहा झाले. एकट्या माणसाने आत घ्यायचं नाही म्हणून तिने मुलांना पायरीवरच उभं केलं होतं. साडेसहाला घरी फोन करून मुलं परत पाठवावी लागणार होती. उर्वी बहुधा हे समजून होती, कारण ती सारखी रस्त्याच्या टोकाकडे पाहत होती.

सहा वाजून वीस मिनिटांनी चैत्राली आली. धापा टाकत, गळ्यातला स्कार्फ उलटा.

"मला त्या दिवशी बोलायला हवं होतं," ती म्हणाली.

"हो. हवं होतं."

"सॉरी."

"सॉरी नंतर बघू. रजिस्टर टेबलावर आहे, साक्षीदाराची जागा रिकामी आहे."

चैत्रालीने आधी जाऊन सही केली. तिच्या नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं की ह्या भानगडीत पडलीस तर मराठी मंडळातलं आपलं येणंजाणं संपेल, आणि ते खरंही होतं. सही झाल्यावर सुप्रभाने मुलांना आत घेतलं.

न आलेल्या तेरा मुलांच्या घरून तेरा मेसेज आले होते. सुप्रभाने हजेरी घेताना ते वाचले. विहानला शुक्रवारी स्विमिंग सुरू झालं. अपूर्वला मॅथ्सची ट्यूशन लागली. अनुष्का जरा थकलीय. कुणाच्या आजी येणार होत्या, कुणाची गाडी बिघडली होती. प्रत्येक मेसेजच्या शेवटी जोडलेले हात होते आणि बहुतेकांत एक लाल बदाम. एकातही वाईट शब्द नव्हता.

त्या तेरा घरांपैकी एकाही घरात जात मानत नाहीत. जाऊन विचारा. काचेच्या मगमधून चहा देतील आणि शपथेवर सांगतील.