वरात अडवणाऱ्याहो

पांढरकवड्याच्या हायवेवर, ढाब्यामागं संघदीप पेंटरचं दुकान होतं. दुकान म्हणजे टिनाचं छप्पर अन् रंगाचे डबे. ट्रकचे फाळके, म्हणजे मागच्या फळ्या, रंगवायचा तो. साल दोन हजार सहा. कापूस कवडीमोल, माणूस त्याहून. मी सातवी नापास. अक्षराचं वळण त्याच्या ब्रशाकडं पाहून शिकलो. टर्पेंटाईनचा वास आला की आजही तिथंच जाऊन बसतो.

त्या उन्हाळ्यात संघदीपच्या बहिणीची, ममताची वरात आमच्या गावात पारासमोर अडवली. बौद्धांच्या नवरदेवानं इथून घोड्यावर जायचं नाही म्हणे. ढोल फोडला, नवरदेवाला खाली ओढलं. तरी लग्न लागलं. विहारात, फुटल्या कपाळानं. पेपरात आलं, 'दोन गटांत बाचाबाची'. एक गट घोड्यावर, दुसरा लाठ्या घेऊन!

मी तीन पानांची कविता लिहिली. दसऱ्याच्या सुमारास संपादकानं परत पाठवली: 'भाषा संयत करा.'

संघदीपनं ती वाचली. "तीन पानं फाळक्यावर मावतीन का बे?"

"मंग?"

"एक ओळ दे."

छाटत छाटत एकच उरली: *वरात अडवणाऱ्याहो, लगन लागलं!*

ट्रक भीमसिंगचा, आर्णीकडच्या बंजारा तांड्यावरचा. मी म्हटलं, "दादा, तुले तरास होईन."

तो हसला. "आमच्या बापजाद्यानं बैलाच्या पाठीवर मीठ वाह्यलं. तुही ओळ काय जड हाय?"

पण आम्ही गाढवच. कापूस भरला की ताडपत्री फाळक्याच्याही खाली लोंबते, हे शेकडो ट्रक रंगवणाऱ्याच्या ध्यानात आलं नाही. आदिलाबादपर्यंत ओळ झाकूनच गेली. ती दिसणार फक्त रिकाम्या फेरीत. अन् रिकामा ट्रक कापूस भरायला आला थेट आमच्याच गावात, पारापुढं.

मी अन् संघदीप तिथंच होतो. कापूस होता त्याच पुढाऱ्याचा, ज्यानं वरात अडवताना घोड्याचा लगाम धरला होता. लोक वाचून हसायला लागले.

"हे पुस," पुढारी ओरडला. "मंगच माल भरीन."

रंग अजून कच्चाच होता. संघदीपनं टर्पेंटाईनची चिंधी काढली अन् भीमसिंगला म्हणाला, "पुसतो दादा. तुहा धंदा नको बुडाले."

मी त्याला भर चौकात भित्रा म्हटलं. ज्याची बहीण, त्याला! त्या शब्दाची लाज अजून गेली नाही.

भीमसिंगनं चिंधी हिसकून पुढाऱ्यापुढं धरली. "घ्या मालक, तुमीच पुसा. फक्त पह्यले मोठ्यानं वाचा. काय पुसून राह्यले ते गावाले समजू द्या."

पुढाऱ्याच्या तोंडून ते निघतं कसं? त्याचा हात चिंधीकडं गेलाच नाही. भीमसिंगनं ती खिशात कोंबली अन् ट्रक रिकामाच आमच्या वस्तीतून काढला, हॉर्न दाबत. ममताची आई, सत्यभामाकाकी, दारात आली. तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"अजून एकडाव वाच," म्हणाली.

तीन पानांना असा वाचक कुठं भेटला असता!

पुढं फ्लेक्स आले, दुकान गेलं. गेल्या साली संघदीपही गेला. ट्रक भंगारात निघाला, पण फाळका भीमसिंगनं ठेवून घेतला. परवा तांड्यावर गेलतो. अंगणात विटांवर तो टाकलेला, अन् भीमसिंगची बायको जमनीवहिनी त्यावर मिरच्या वाळवत होती. ओळीवर मात्र एकही मिरची नव्हती.

"वहिनी, तेवढी जागा कायले सोडली?"

"एकडाव तुमी ताडपत्रीखाली झाकली होती ना," ती म्हणाली. "मी नाई झाकत."