पाचव्या चाकाचा पहिला रस्ता

मी एक जुनी स्टेपनी आहे. गाडीच्या डिकीत, चटईखाली आडवे पडून असलेले पाचवे चाक. मित्रांनो, माझ्यावर बॅगा तुम्हीही ठेवल्या असतील. माझी विचारपूस मात्र क्वचितच केली असेल.

कारखान्यात रबर, काजळी आणि गंधक एकत्र मळून मला तापलेल्या साच्यात दाबले. माझ्या चार भावंडांना रस्ता मिळाला, मला अंधार. "स्टेपनी आहे ना?" एवढे विचारून घरची माणसे निर्धास्त होत. तेच माझे कौतुक. पण हवेचे रेणू धडधाकट रबरातूनही हळूहळू निसटतात. कोणी न तपासल्यामुळे मी बसल्या जागी मऊ पडत गेले.

गाडीतल्या गप्पांतून मला घरचे सगळे कळायचे. आजोबा शिंपी होते. आता वयामुळे त्यांना लघवीला सारखे जावे लागे. मागच्या सहलीत त्यांनी बस थांबवायला सांगितली, तेव्हा गाईड शिट्टी वाजवून म्हणाला, "काका, सगळ्यांचा वेळ जातो!" मागे कोणीतरी फिदीफिदी हसले. मग आजोबांनी पाणी पिणेच सोडले आणि चक्कर येऊन पडले. तेव्हापासून ते कुठेच जाईनात.

यंदाही बसचीच सहल ठरली होती. "तुम्ही जा, मी घर सांभाळतो," आजोबा म्हणाले. निघायच्या सकाळी सूनबाईंनी बॅगा थेट माझ्यावर आणून ठेवल्या.

"बाबा, बसा गाडीत. किनाऱ्याच्या रस्त्याने जाऊ."

"अगं, आणि बस?"

"जाऊ दे तिला. घर काय पळून जातंय सांभाळायला?"

सूनबाईंनी गाडी काढली. चाकांच्या घरघरीतून समुद्राची गाज ऐकू येत होती. "पाणी हवं का?" नातीने दोनदा विचारले. आजोबांचे उत्तर एकच, "तहान नाही."

एका निर्मनुष्य वळणावर मागच्या चाकात खिळा घुसला. मला बाहेर काढले. आजोबांच्या मुलाने अंगठ्याने दाबले आणि त्याचा चेहरा पडला.

"हिच्यात हवाच नाही! तू तपासत होतीस ना?"

"मी? मला वाटलं, तू बघतोस!"

"माझ्यापायी झालं हे," आजोबा पुटपुटले. "बसने गेला असता तर आत्तापर्यंत पोहोचला असता. चला, परत फिरू."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. मी चालले नाही, तर हा माणूस पुन्हा घराबाहेर पडणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होते.

एवढ्यात नात डिकीत वाकली. मी होते त्या खळग्यातून तिने एक खोके उपसले. आत पायाने दाबायचा पंप होता, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. तिच्या वडिलांनी तो जोडला आणि थोड्याच वेळात ते धापा टाकू लागले.

"सरक," आजोबा म्हणाले. "नाचतोयस काय त्याच्यावर?"

"बाबा, तुम्ही कशाला?"

"जन्मभर मशीन चालवलंय या पायाने. टाच टेक, चवडा दाब. अस्सं!"

संथ, एकसारख्या लयीत हवा आत येऊ लागली. माझ्या सुरकुत्या ताठ झाल्या. नातीने कान लावून पाहिले. कुठे फुसफुस नव्हती. मला बसवले, जॅक उतरला आणि गाडीचा भार माझ्यावर आला. मी तो पेलला! आयुष्यात पहिल्यांदा खडी टोचली, वाळू लागली, खारा वारा अंगावर आला.

थोडे पुढे गेल्यावर आजोबा खणखणीत आवाजात म्हणाले, "सूनबाई, थांबव गं जरा."

"घाई आहे का?"

"आहे तर! समुद्र बघायला का थांबवतोय?"

सगळे खळखळून हसले. आजोबा सर्वांत जास्त. झुडपांमागून परतल्यावर त्यांनी नातीपुढे हात केला. "आण ती बाटली." आणि घटाघटा पाणी प्यायले.

मित्रांनो, प्रवासाला निघण्याआधी माझ्यातली हवा नक्की बघा. आणि गाडीत कोणी "थांबा" म्हणाले, तर कारण न विचारता थांबा. आम्ही त्या दिवशी कितीतरी वेळा थांबलो, आणि दर वेळी समुद्र तिथेच होता.