अविभाज्य

"तुला नाही गं, ताईंना विचारत होतो," साहेब म्हणाले.

खुर्ची मात्र त्यांनी सवयीने तिच्याच टेबलाशी ओढली होती. रंग बनवणाऱ्या त्या कंपनीच्या लेखा विभागात हे वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं. हिशेब मांडण्याची आंतरराष्ट्रीय मानकं सारखी बदलत. काही बदललं की साहेब खुर्ची ओढून बसत आणि ती दोन वाक्यांत सांगून मोकळी होई. बदल यायच्या आधीच तिला वास लागायचा, म्हणून ऑफिसात तिला 'हवामान खातं' म्हणत. मग ती बाळंतपणाच्या रजेवर गेली, आणि नफातोट्याच्या पत्रकाचा चेहराच पालटणारं मोठं मानक नेमकं तेव्हा येऊन पडलं.

साहेबांनी खुर्ची उचलली आणि पलीकडे ताईंच्या टेबलाशी नेली. ताई चष्मा कपाळावर सरकवून समजावू लागल्या. ती पडद्यावरच्या आकड्यांत डोकं घालून ऐकत राहिली. ताई सगळं बरोबर सांगत होत्या. तेच तर टोचत होतं. एखादा शब्द जरी चुकला असता, तरी तिला जेवण गोड लागलं असतं.

ताई तिच्याहून बऱ्याच मोठ्या. पूर्वीचा एकेक बदल त्यांना तिनेच शिकवलेला. "माझ्या डोक्यात आता जागाच नाही गं," असं म्हणायच्या. मग त्यांचा मुलगा नोकरीसाठी दूर गेला आणि डोक्यात एकदम जागा झाली. आता त्या घरी जाऊन काय करत असतील, हे ती बसल्या बसल्या बघू शकायची: कुलूप उघडलं, पाय धुतले, चहा केला आणि तो गरम असतानाच प्यायला. मग दिव्याखाली बसून शांतपणे वाचन. कुणी पदर ओढत नाही, कुणी पानं चघळत नाही. दागिन्यांचा हेवा करणाऱ्या बायका तिने पाहिल्या होत्या. आपल्याला कुणाच्या संध्याकाळचा हेवा वाटेल, असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

"मग गुरुवारी संचालकांपुढे ताईच बोलतील," साहेब उठता उठता म्हणाले.

"मीही बोलते." आवाज ठरवल्यापेक्षा मोठा निघाला.

"अगं, घरी लहान आहे तुझं. कशाला ओढून घेतेस?"

"लहान घरी आहे, साहेब. मी इथे आहे."

साहेबांनी ताईंकडे पाहिलं. आता ताईंची परवानगी लागते तर, तिच्या मनात आलं.

"द्या ना तिला सहयोगी कंपन्यांचा भाग," ताई म्हणाल्या. "त्यात तिचा हात कोण धरणार?"

मनापासून म्हणाल्या होत्या. मनापासून दिलेलं तर जास्तच झोंबतं.

कंपनीच्या दोन सहयोगी कंपन्या होत्या. एक रंगाचे डबे बनवायची. दुसरी म्हणजे डोंगरातलं एक हॉटेल, जुन्या मालकांची हौस. या दोन्हींतला आपल्या वाट्याचा नफा पत्रकात कुठे दाखवायचा, एवढाच प्रश्न. मानक ठरवणाऱ्या समितीने आधी मसुदा काढून लोकांची मतं मागवली होती. त्या मसुद्याप्रमाणे, डब्यांशिवाय रंग विकता येत नाही, म्हणून ती कंपनी धंद्यापासून वेगळी काढता न येणारी. तिचा नफा मुख्य नफ्याच्या लगेच खाली दाखवायचा. हॉटेल नसलं तरी काही अडत नाही, म्हणून ते आणखी खाली, गुंतवणुकीत. मसुदा आला तेव्हा तिला सातवा महिना होता. पोट टेबलाला टेकायचं, तरी तिने तो अथपासून इतिपर्यंत वाचला, वर समितीला हरकतही कळवली: वेगळं काढता येतं की नाही हे ज्याने त्याने ठरवायचं, तर जो तो आपल्या सोयीनेच ठरवेल. पोच आली. कुठल्या कोपऱ्यातल्या एका बाईचं कोण ऐकतंय, म्हणून तिने तो विषय सोडून दिला. मग ठकी जन्मली.

बुधवारी संध्याकाळी ती स्लाइड्स करायला बसली. संचालकांना हिशेबाची परिभाषा कळत नाही, म्हणून तिने सरळ शब्द योजला: अविभाज्य. शब्द तिला आवडला. त्याच वेळी मांडीवरच्या ठकीने दूध ओकलं.

"दे इकडे तिला," नवरा म्हणाला.

दिली. ठकीने टाहो फोडला. परत घेतली.

"बघ, मी नुसता बघ्या," तो म्हणाला. "काय करत असतील गं तुझ्या ताई आत्ता?"

"वाचत असतील."

"आणि तू?"

"मी ओकारी पुसतेय. दिसत नाही?"

"या घरात माझ्यापेक्षा ताईंचं नाव जास्त घेतलं जातं. मलाच आता त्यांचा हेवा वाटायला लागलाय."

तिला हसू आलं नाही. अंतिम मानक फोनवर उतरवून ठेवलेलं होतं. सुरुवातीची चार पानं वाचून झाली होती. सहयोगी कंपन्यांचं पान उघडायला हवं होतं. पण जे पाठ आहे ते पुन्हा कशाला वाचायचं? तिने एका हाताने स्लाइड्स पुऱ्या केल्या आणि साहेबांना पाठवून दिल्या.

गुरुवारी बैठकीच्या तोंडावर ताईंनी तिला दारातच गाठलं.

"साहेबांनी तुझ्या स्लाइड्स दाखवल्या गं आत्ता. ते 'अविभाज्य' गेलं."

"गेलं म्हणजे?"

"काढलं. मसुद्यात होतं, अंतिम मानकात नाही. आता डबे काय, हॉटेल काय, दोन्ही गुंतवणुकीतच. हे बघ." ताईंनी हातातली छापील प्रत पुढे केली.

"मला पाठ आहे ते, ताई."

प्रत तिने घेतली नाही. आयत्या वेळी गोंधळवायचंय यांना मला, असं वाटलं, आणि असं वाटून क्षणभर बरंही वाटलं. ताई वाईट असत्या तर सगळं किती सोपं झालं असतं.

बैठकीत आधी ताई बोलल्या. तिने टेबलाखाली फोन उघडला आणि तो शब्द शोधला. नव्हता. नियमांत कुठेच नव्हता. सापडला तो शेवटी जोडलेल्या खुलाशात: हा भेद करू नये, जो तो आपल्या सोयीनेच करेल, अशी हरकत अनेकांनी घेतल्यामुळे समितीने तो वगळला आहे.

तिने ते पुन्हा वाचलं. जवळजवळ तिचंच वाक्य होतं. म्हणजे ती जिंकली होती. कधीच जिंकली होती, ठकीच्या लंगोटांच्या दिवसांत केव्हातरी. आणि ते तिला आज कळत होतं, तेही ताईंकडून.

तिची पाळी आली. पडद्यावर मोठ्या अक्षरांत तिचा आवडता शब्द उमटला. एरवी डुलक्या घेणारे एक वयस्कर संचालक नेमके जागे होते.

"म्हणजे डब्यांचा नफा वर दिसणार. छान."

ताई खाली बघत होत्या, मुद्दाम.

"नाही," ती म्हणाली. "पडद्यावर आहे ते चूक आहे. मी मसुद्यावरून केलं. अंतिम मानकात हा भेद काढलाय. दोन्ही नफे गुंतवणुकीतच दिसतील."

साहेबांचं पेन थांबलं. ही हरकत मीसुद्धा घेतली होती, हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं. ते बोलली असती तर सगळ्यांच्या माना वळल्या असत्या. तिने ते गिळलं.

"पुढचं ताई सांगतील. त्यांनी पूर्ण वाचलंय," एवढं म्हणून ती बसली.

बैठक संपल्यावर ताई जिन्यात तिच्याबरोबरीने उतरू लागल्या.

"तूच हरकत पाठवली होतीस ना गं? पोटावर कीबोर्ड ठेवून टाइप करत होतीस, मला आठवतंय. सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? माझंच म्हणणं मान्य झालं आणि मलाच पत्ता नाही?"

ताईंना हसू फुटलं. पाठोपाठ तिलाही, पण अर्ध्यावर विरलं.

"तुमची प्रत द्याल?" तिने विचारलं.

"घेऊन जा की. सोमवारी आण म्हणजे झालं."

ती घरी आली तेव्हा ऊन खिडकीतून अजून जमिनीवर पडलेलं होतं. ठकी पोट भरून तिच्या हातांवर झोपली. नवऱ्याने ताईंची प्रत तिच्या गुडघ्यावर उघडून ठेवली आणि तो दार ओढून बाहेर गेला. ओळींच्या खालच्या रेषा पट्टी लावून ओढलेल्या होत्या, एकही वाकडी नाही. पट्टी शोधायला, ती धरायला, रेष ओढायला ज्या बाईला वेळ मिळतो, तिच्याकडे बघावं तशी ती त्या रेषांकडे बघत राहिली. मग पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.

पान संपलं. उलटायला हात मोकळा नव्हता: डावा ठकीच्या डोक्याखाली, उजवा तिच्या पाठीखाली. ठकीची मूठ तिच्या गळ्याशी घट्ट मिटलेली होती. तिने तेच पान पुन्हा वरून वाचायला घेतलं, या वेळी सावकाश.