नारपोलीच्या वाचनालयातली अभिप्रायवही

मित्रांनो, मी एक जुनी अभिप्रायवही आहे. कोपरे झिजले, शिवण सैल झाली, आणि खरे सांगायचे तर आता फार बोलवतही नाही. पण एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तेवढी सांगते.

नारपोलीच्या छोट्या वाचनालयात मी १९८६ साली आले. समोरच्या कारखान्यात तेलाचा डाग पडून बाद झालेले कापड माझ्या पुठ्ठ्यावर चिकटवले होते. ग्रंथपाल अनंताभाऊ जवळच्या अंजूर गावचे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम केला की, वाचलेल्या पुस्तकावर दोन ओळी लिहिल्याशिवाय दुसरे पुस्तक मिळणार नाही. हेतू चांगला होता, पण नियम आला की पळवाट आलीच. जो तो वरची नोंद बघून लिहायचा, 'पुस्तक वाचनीय आहे. भाषा ओघवती आहे.' चारशे पानांच्या एका गंभीर कादंबरीची निम्मी पाने एकमेकांना चिकटलेलीच होती, तरी तिची भाषा सतरा जणांना ओघवती वाटली.

मनापासून लिहिणाऱ्या एकट्या जोहराबाई. कारखानदार नूरुद्दीनशेठांच्या त्या सूनबाई. घराला लागूनच लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, कारखाना, त्या खडखडाटात बसून वाचायच्या. विज्ञानकथा आणि अद्भुत कथांच्या कपाटावर त्यांचा भारी जीव. एका यंत्रमानवाच्या कथेवर त्यांनी लिहिले, 'यंत्र रडते हे पटले. पण त्याला तेल कोण घालते? आमची लूम तेलाशिवाय एक दिवस चालत नाही. शेवट फसला.' उडत्या घोड्यावरच्या राजकन्येबद्दल लिहिले, 'सात समुद्र ओलांडले, पण बाईला एकदाही भूक लागली नाही.' गंभीर कादंबऱ्याही त्यांनी सोडल्या नाहीत. 'नायक दीडशे पाने खिडकीत बसून उदास आहे. तोवर घरात पाणी कोण भरते?' असे लिहून मोकळ्या झाल्या. त्या लिहू लागल्या की मला माझ्या जन्माचे सार्थक झाल्यासारखे वाटे.

यंत्रमानवाचे ते पुस्तक त्यांनी चार वेळा नेले. चारही वेळा त्याच्याशी भांडल्या.

१९९३च्या सुमारास छप्पर गळू लागले. भिंतीलगतचे एक कपाट काढावेच लागणार होते. वाचनालयाचे अध्यक्ष फखरुद्दीनशेठ म्हणाले, लोकांना काय आवडते ते वहीत बघा आणि ठरवा. अनंताभाऊ माणूस सरळ, पण थकलेला. त्यांनी मला उघडले, स्तुती दिसली तिथे बरोबरची खूण केली, तक्रार दिसली तिथे फुली. पुस्तक कोणी किती वेळा नेले, हे कार्डांवर होते. कार्डे त्यांनी काढलीच नाहीत. विज्ञानकथांवर आणि अद्भुत कथांवर फुल्याच फुल्या पडल्या, आणि ते कपाटच्या कपाट रद्दीच्या हातगाडीवर चढले. मित्रांनो, साक्ष माझी होती. मला तोंड असते तर मी ओरडले असते.

पुढच्या आठवड्यात जोहराबाई पाचव्यांदा ते पुस्तक मागायला आल्या. अनंताभाऊंनी मला त्यांच्यापुढे उघडून धरले.

"ताई, तुमीच लिवलंय न्हाय का, शेवट फसला म्हणून? आमी तुमचंच आयकलं."

जोहराबाईंनी स्वतःचे अक्षर वाचले, शेजारची फुलीही पाहिली.

"अनंताभाऊ, माणूस घरच्यांशीच भांडतो," त्या म्हणाल्या. "परक्यांना काय, चांगलं आहे म्हणायचं आणि निघायचं."

मग त्यांनी पेन मागितले. एकेक पान मागे उलटत गेल्या आणि सात वर्षांतल्या आपल्या प्रत्येक तक्रारीखाली, फुलीच्या शेजारी, सावकाश लिहीत गेल्या, 'हे पुस्तक मला फार आवडते.' एकतीस ठिकाणी लिहिले. अनंताभाऊ उभे राहून वाचत होते. गाडी केव्हाच गेली होती.

त्या दिवशी जोहराबाईंनी दुसरे पुस्तक नेले नाही. पुढे त्या आल्याच नाहीत.

मी आता टेबलाच्या खालच्या खणात असते. मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कोणी एखाद्या पुस्तकाशी जीव तोडून भांडत असेल, तर फुली मारण्याआधी त्याला विचारा, हे तू कितीदा वाचलेस? आणि तुम्हाला काही आवडत असेल, तर ते कपाट जाग्यावर आहे तोवर लिहून ठेवा.